वाटीतले मीठ

आईचा रक्तदाब गेल्या तपासणीत वाढलेला निघाल्यामुळे आज सकाळी मी आम्हां चौघांचे दिवसभराचे मीठ वजन करून एका वाटीत वेगळे काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर मीठ खावे. त्या हिशेबाने वाटीत 20 ग्रॅमही नव्हते. आमटी, फ्लॉवरची भाजी, कणीक आणि कोशिंबीर होईपर्यंत दुपारी बारालाच वाटीचा तळ दिसू लागला. त्यात लोणचे आणि पापड धरलेच नव्हते, आणि पापडात मिठाखेरीज जो पापडखार असतो त्यातही मिठासारखे रक्तदाब वाढवणारे सोडियमच असते. (खाण्याच्या सोड्याचेही तेच, त्यामुळे ढोकळ्याला निर्दोष समजू नये.)

"सैंधव वापरले तर?" असे आईने विचारले खरे, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते आणि आईला मूत्रपिंडाची जुनी तक्रार आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणायचे नाही असे ठरले.

रात्री कणकेतले मीठ पूर्ण वगळले, ते कोणाच्या लक्षातही आले नाही. आमटीत मात्र नेहमीच्या निम्मे मीठ घालून दोन आमसुले जास्त टाकली होती. बाबांनी पहिल्याच घासाला सवयीने ताटात मीठ वाढतात त्या जागी बोट नेले, तिथे नुसती लिंबाची फोड पाहून माझ्याकडे एकदा बघितले, ती पिळली, आणि मग काही न बोलता उठून लोणच्याची बरणी घेऊन आले.