रिकाम्या बारपासून : आमची वाटचाल

आमच्या जिममध्ये आरसा नाही. जागा ताब्यात घेतली तेव्हा सुताराने तीन वेळा विचारलं, "या भिंतीला आरसा ना?" आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणालो. दोन्ही टोकांना वजनं लावायचा लोखंडी बार उचलताना नजर समोरच्या एका बिंदूवर ठरलेली लागते. आरसा असला की माणूस स्वतःला न्याहाळतो, मान वळते आणि मानेमागोमाग पाठ. पाठ सरळ आहे की नाही हे पाठीनेच सांगायला हवं. त्या भिंतीवर आम्ही मोठा पांढरा फळा लावला. रोजचा वर्कआउट त्यावर लिहायचा आणि प्रत्येकाची वेळ त्याच्या नावापुढे. या धंद्यात नाव झालं ते त्या फळ्यामुळे, आणि दार बंद करायची पाळी आली तीही त्याच फळ्यामुळे.

सुरुवात दोघांनी केली. भागीदार वेटलिफ्टिंगमधून आलेला, मी मशीनवाल्या जिममध्ये सात वर्षं ट्रेनर होतो. लेग प्रेसवर ढीगभर वजन ढकलणाऱ्या माणसांना तिथे जमिनीवरून हात न टेकता उठता यायचं नाही. हे मला फार खुपायचं. ग्रेग ग्लासमन यांनी २००० साली अमेरिकेत क्रॉसफिट ही कंपनी काढली आणि एका ओळीत सगळं मांडलं: रोजच्या कामाला येणाऱ्या हालचाली, सतत बदलत्या, जास्त तीव्रतेने. उचला, वाहून न्या, बसा-उठा, लोंबकळा, ढकला, आणि हे सगळं घड्याळ लावून. आम्ही त्यांचं नाव कधी लावलं नाही, पण पेटलो त्या विचारानेच.

पैसा मोजका होता. प्लेटा कमी घेऊ, पण बार उत्तम घेऊ, हा भागीदाराचा हट्ट. यात त्याचं शंभर टक्के बरोबर होतं आणि पुढे जे झालं त्यानंतरही मी हे कबूल करतो. सहा बार घेतले: चार २० किलोचे, २८ मिलिमीटर जाडीचे, आणि दोन १५ किलोचे, २५ मिलिमीटरचे, लहान पंजात नीट बसणारे. स्लीव्ह, म्हणजे प्लेटा चढवायचा बारच्या टोकाचा भाग, बोटाने फिरवली की बराच वेळ आवाज न करता फिरत राहायची. ज्यांनी क्लीन केलाय, म्हणजे जमिनीवरचा बार एका झटक्यात खांद्यावर घेतलाय, त्यांना कारण सांगायला नको. बार खांद्यावर वळतो तेव्हा प्लेटा त्याच्याबरोबर वळल्या तर सगळा पीळ मनगटात उतरतो. जिम काढायच्या विचारात असाल तर रंगीत मशीनवर पैसे घालू नका, बारवर घाला. खडूची पूड आणि घाम मिळून बारच्या खाचांत बसतात आणि गंज धरतो, म्हणून दर आठवड्याला नायलॉनच्या ब्रशने घासायचं आणि स्लीव्हमध्ये थेंबभर तेल. आमचे पहिले बार अजून वापरात आहेत.

प्लेटांचंही तसंच. बम्पर प्लेटचा, म्हणजे रबरी प्लेटचा, व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून नेमक्या उंचीवर राहतो. हलक्या प्लेटाही पूर्ण व्यासाच्याच घ्या. छोट्या लोखंडी प्लेटा लावल्या की बार खाली जातो, नवखा माणूस तिथवर पोचायला कंबर गोल करतो, आणि मग आपण त्यालाच ओरडतो. रोइंग मशीनवर, म्हणजे वल्हवल्यासारखं ओढायच्या मशीनवर, आलेला प्रत्येक नवा मेंबर आधी लिव्हर १० वर नेतो. तो आकडा ताकदीचा नव्हे, पंख्यात हवा किती शिरते त्याचा आहे. ४ किंवा ५ वर ठेवा आणि पायांनी ढकला.

पहिली तीन वर्षं आम्ही हवेत होतो. सकाळची सहाची बॅच भरून वाहायची. लोकांना हे का आवडतं ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. एका तासात वॉर्म-अप, ताकदीचा सेट, दम काढणारा वर्कआउट, सगळं उरकतं. कोणी एकटा नसतो. शेवटचा माणूस संपवेपर्यंत बाकीचे त्याच्या शेजारी उभे राहून ओरडत असतात. मशीनवाल्या जिममध्ये महिना भरून गायब होणारी माणसं इथे वर्षानुवर्षं येतात ती त्या ओरडण्यासाठी. तीव्रतेचा फायदाही खरा आहे. इझुमी टबाटा यांचा जपानमधला १९९६ सालचा अभ्यास आमच्या धंद्यात सगळे सांगतात: २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबा, असे सात-आठ फेरे. सहा आठवड्यांत दमसास आणि ऑक्सिजन अपुरा पडत असताना काम करायची क्षमता, दोन्ही वाढल्या. पण तो अभ्यास सायकलवरचा होता, आधीच तयार असलेल्या तरुण खेळाडूंवरचा, आणि तीव्रता इतकी की आठव्या फेरीच्या आसपास पाय फिरेनासे व्हावेत. चार मिनिटं सिट-अप काढून त्याला टबाटा म्हणणारे कोच मी बघतो तेव्हा मला राग येतो. नाव घ्यायचं तर पूर्ण गोष्ट घ्या.

त्याच काळात बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट, हाडांची घनता कमी झाल्याचा रिपोर्ट हातात. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की आता वाकू नका, उचलू नका, फक्त चाला. भागीदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, यांना नको घेऊ, काही झालं तर आपण मेलो." मी त्यांच्या डॉक्टरांशी बोललो आणि घेतलं. पहिला महिना हातात लाकडी काठी. काठीने डेडलिफ्ट (जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं), काठीने स्क्वॉट (बैठक), खुर्चीवर बसणं-उठणं. मग १५ किलोचा रिकामा बार. पाच-पाचचे सेट, प्रत्येक सेटला मी शेजारी. दोन वर्षांनी त्यांनी ५० किलो जमिनीवरून उचलले आणि खाली ठेवताना आपटू दिले नाहीत. पुढे ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास वाचला: रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडं कमकुवत झालेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास जड डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर ढकलणं आणि उड्या दिल्या. आठ महिन्यांत कण्याची हाडं सुधारली. सगळं कोचच्या देखरेखीखाली, हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं. मी तो छापील कागद बाईंना दिला. त्या म्हणाल्या, "हे तू मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतंस."

आता ती गोष्ट.

भागीदाराला फळ्यावर क्रमवारी हवी होती. नुसती वेळ नको, पहिला कोण, दुसरा कोण. बॅचमध्ये तेज आलं हे नाकारत नाही. पण महिन्याभरात मला दिसायला लागलं की लोक स्क्वॉट अर्धाच बसतायत, पुल-अपला हनुवटी बारपर्यंत जात नाही, थ्रस्टरच्या (बैठकीतून उठत बार थेट डोक्यावर) शेवटच्या पंधरा रेपना, म्हणजे आवर्तनांना, कंबर मागे कमान होतेय. वेळ मोजली की माणूस वेळच सुधारतो. मी बोललो. तो म्हणाला, "हीच तर मजा आहे, तू उगाच मोडता घालतोस."

आठ महिने व्यायाम बंद केलेला एक मेंबर त्या आठवड्यात परत आला होता. तगडा माणूस, पूर्वी सलग वीस पुल-अप मारणारा. त्या दिवशी फळ्यावर शंभर पुल-अप होते, वेळेच्या विरुद्ध. वर्कआउट भागीदाराने लिहिला होता. संध्याकाळची बॅच मी घेतली होती. मी त्याला म्हणालो, अर्ध्यावर थांब. तो फळ्याकडे बघत राहिला आणि मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. हात कोपरात सरळ होत नव्हते, दंड सुजून कडक झाले होते आणि लघवी काळ्या चहासारखी होत होती. ऱ्हॅब्डोमायोलिसिस. स्नायूंच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडांवर येतं. फुटलेल्या स्नायूंतून रक्तात येणारं क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम एरवी शेकड्यात असतं, त्याचं हजारोंमध्ये गेलं होतं. पाच दिवस सलाइन. मूत्रपिंडं वाचली, तो पूर्ण बरा झाला. पण त्या पाच दिवसांत मी झोपलो नाही.

हे ज्यांना माहीत नाही त्यांनी नीट वाचा. पुल-अपमध्ये वर जाताना नव्हे, खाली येताना स्नायू ताणत-ताणत भार झेलतो आणि तिथेच तो सर्वांत जास्त फाटतो. पूर्वी करत होता, मध्ये सोडलं, आता परत आला, हा माणूस जास्त धोक्यात असतो. नवख्यालाही धोका असतो, पण त्याचा दम आणि जिद्द बहुधा आधी संपतात. जुन्याची जिद्द तशीच असते, स्नायूंची सवय मात्र गेलेली असते. एकदा थोडासा असा भार दिला की स्नायू पुढचे काही आठवडे तशा भाराला कमी फाटतो, म्हणून परत येणाऱ्याला पहिल्या दिवशी मुद्दाम थोडंच द्यायचं. व्यायामानंतर दुखणं वेगळं. सूज, हात-पाय वळेनासा होणं, लघवीचा रंग गडद होणं, यातलं काही दिसलं तर पाणी पिऊन वाट बघत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बातमी पसरली. आणि इथे जे झालं ते मी अजून गिळू शकलेलो नाही. भागीदार त्याला भेटायला हॉस्पिटलात एकदाही गेला नाही. महिन्याभरात म्हणाला, वेगळे होऊ. सामानाची वाटणी झाली, तीन बार त्याचे, तीन माझे. सहा आठवड्यांत त्याने दहा मिनिटांच्या अंतरावर स्वतःची जिम उघडली. आमचे दोन कोच नेले. १४० मेंबर होते, त्यांतले ३८ उरले. जे गेले त्यांतल्या कित्येकांना त्याने सांगितलं होतं की तिकडे माणसं हॉस्पिटलात जातात. तो वर्कआउट कोणी लिहिला होता हे मात्र सांगितलं नाही. त्याच्याकडे क्रमवारीचा फळा माझ्यापेक्षा मोठा होता. कोणाला उलटी झाली तर टाळ्या वाजायच्या. उलटी म्हणजे मेहनतीचं प्रमाणपत्र नव्हे, कोचने डोस चुकवल्याची पावती आहे. मी हे तेव्हा ओरडून सांगत होतो आणि ऐकायला ३८ माणसं होती.

दोन रोइंग मशीन विकली. तीन महिन्यांचं भाडं थकलं. एका संध्याकाळी सातच्या बॅचला फक्त बाई आल्या. मी म्हणालो, बाई, पुढच्या महिन्यात बंद करतोय. त्यांनी आधी आपले सेट पूर्ण केले. मग प्लेटा उतरवून रॅकला लावल्या आणि म्हणाल्या, "मी कुठे जाऊ मग? मला काठीपासून कोण शिकवणार?" दुसऱ्या दिवशी वर्षभराची फी आगाऊ भरली. पुढच्या सोमवारी चार मैत्रिणी घेऊन आल्या. मी पुन्हा चार काठ्या काढल्या.

तिथून मी सगळं बदललं. क्रमवारी पुसली. नव्या आणि परतलेल्या प्रत्येकाला सहा आठवडे वेगळ्या बॅचमध्ये, रिकाम्या बारपासून. स्नॅच, म्हणजे जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर नेणं, दम लागलेल्या अवस्थेत नाही, कधीच नाही. ती हालचाल डोकं ताजं असताना तीन-तीन रेपची आहे, घड्याळाविरुद्ध तीस रेपची नव्हे. आठवड्यात जीव तोडून फार तर दोन दिवस, बाकी दिवशी बोलता येईल इतक्याच दमाने. रोज नवीन वर्कआउट हा या पद्धतीचा मोठा आकर्षणबिंदू आहे आणि मोठा दोषही. रोज वेगळं केलं तर ताकद वाढतेय की नाही कळायचं कसं? म्हणून स्क्वॉट आणि डेडलिफ्ट आमच्याकडे बारा-बारा आठवडे ठरलेल्या चढत्या वजनाने चालतात, बदल फक्त शेवटच्या दहा मिनिटांत. स्नायू लवकर तयार होतो, त्याला हाडाशी जोडणाऱ्या स्नायूबंधांना त्याहून जास्त वेळ लागतो, हे लक्षात ठेवा आणि तिसऱ्या महिन्यात आलेल्या जोमावर विश्वास ठेवू नका.

लोक विचारतात, हे धोक्याचं आहे का. क्रॉसफिटवरच्या सुरुवातीच्या एका पाहणीत हजार तासांमागे तीनच्या आसपास दुखापती निघाल्या, खांदा आणि कंबर सर्वांत पुढे. वेटलिफ्टिंग आणि जिम्नॅस्टिक्समध्येही असाच आकडा येतो. आठवड्याला चार तास करणाऱ्याच्या हिशेबात हे साधारण दीड-पावणेदोन वर्षांत एक दुखणं. बसून राहण्याची किंमत याहून मोठी आहे असं माझं ठाम मत आहे. पण कोचने लक्ष दिलं तिथे दुखापती कमी, हेही दिसून आलेलं आहे, आणि वीस जणांच्या बॅचला एक कोच उभा करून कोणाला ते लक्ष देता येणार नाही. आमच्याकडे एकाला आठ. त्यामुळे नफा कमी आहे. ब्लड प्रेशर आटोक्यात नसलेल्याला, छातीत दुखतं म्हणणाऱ्याला मी आधी डॉक्टरांकडे पाठवतो आणि तो चिडून दुसरीकडे गेला तर जाऊ देतो.

नंतरची सहा वर्षं सांगण्यासारखं फार नाही. २०२० मध्ये सगळ्यांसारखे आम्हीही बंद होतो, केटलबेल (कडीची लोखंडी वजनं) मेंबरांना घरी वाटल्या आणि एक सोडून सगळ्या परत आल्या. भाडं वेळेवर जातं. भागीदाराची जिम चालू आहे. रस्त्यात दिसतो, आम्ही बोलत नाही.

तो मेंबर गेल्या वर्षी परत आला. दारात उभा राहून म्हणाला, "पहिल्यापासून शिकव." त्याला सहा आठवड्यांच्या बॅचला घातलं, बाईंच्या मैत्रिणींबरोबर. पहिल्या दिवशी पुल-अपचे तीन रेप, तेही रबराचा पट्टा पायाखाली घेऊन. मी पूर्ण वेळ शेजारी उभा होतो. परवा त्याने पट्ट्याशिवाय आठ मारले. नववा त्याच्यात होता, मला दिसत होतं. मी तोंड उघडायच्या आत तो हात सोडून खाली उतरला आणि फळ्यावर आपल्या नावापुढे आठ लिहिलं.