टेबल फॅनवर चालणारा काटा

मे महिना, लातूरची एक डाळ मिल. पोती भरायच्या मशीनचा काटा रोज भर दुपारी बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, अशी तक्रार. मी पोहोचलो तेव्हा काटा झकास चालला होता. ऑपरेटरने पॅनलचं दार उघडून समोर टेबल फॅन लावला होता. निम्मं निदान त्यानेच केलं होतं म्हणायचं.

आत २४ व्होल्टचा सप्लाय, त्यावरून थेट ५ व्होल्ट करणारा ७८०५ हा आयसी. बोट लावलं, चटका बसला. काट्याचं कार्ड २५० मिलिअँपिअर ओढत होतं. म्हणजे कामाला लागत होते सव्वा वॅट, आणि मधल्या १९ व्होल्टची पावणेपाच वॅट उष्णता त्या नखाएवढ्या आयसीच्या माथी! ती उष्णता हवेत सोडणारा हीटसिंक काडेपेटीहून लहान. आतलं तापमान १५० अंशांच्या आसपास गेलं की हा आयसी स्वतःला बंद करतो, निवला की पुन्हा चालू होतो.

झेनर (व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरणारा डायोड) आणि रेझिस्टरचा स्वस्त जुगाड डोक्यात येऊन गेला. पण त्यात लोड असो-नसो, रेझिस्टर तापतच राहतो. बॅगेत एलएम२५९६चं बक मॉड्यूल होतं, झपाट्याने चालू-बंद होत व्होल्टेज उतरवणारं आणि म्हणून कमी तापणारं. ते ७८०५च्या जागी जोडलं. बोट ठेवलं तर जेमतेम कोमट. खुशीत चहा मागवला.

चहा येईपर्यंत डिस्प्लेचे शेवटचे दोन आकडे नाचायला लागले होते.

१०० किलोचा लोडसेल, म्हणजे काट्याचा वजन मोजणारा सेन्सर, पूर्ण वजनाला जेमतेम १० मिलिव्होल्ट देणारा. म्हणजे दहा ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट! आणि बक तर सेकंदाला दीड लाख वेळा स्विच होणार. त्याची खरखर थेट काट्यात शिरत होती.

शेवटी दोघांनाही कामाला लावलं. बकने २४चे साडेसात करायचे, पुढचे पाच ७८०५ने. त्याच्या वाट्याला आता जेमतेम ०.६ वॅट. मात्र ७८०५ मेन्सची, म्हणजे लाइनच्या विजेची, संथ लहर जितकी छान अडवतो, तितकी बकची १५० किलोहर्ट्झची नाही. म्हणून ती गाळायला दोघांच्या मध्ये एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर टाकला, लोडसेलची वायर मॉड्यूलपासून लांब नेली. आकडे थांबले. दार लावून, फॅन बंद करून चार वाजेपर्यंत बसलो. काटा हलला नाही.

बिल बघताना मालकांनी पॅनलमध्ये डोकावून पाहिलं.

"जुनाच पार्ट ठेवलाय की हो परत. मग पैसे कशाचे?"