हेलच्या दारातल्या ज्वाळा

मुलांसाठीच्या नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियाच्या) पुराणकथांच्या पुस्तकाची चित्रं तपासायला आली. मृतलोकाच्या जोडपानावर चित्रकाराने झकास जाळ केला होता: उकळत्या कढया, निखारे, त्रिशूळवाले रखवालदार. चित्र देखणं होतं, पण सगळंच काढावं लागलं.

आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसॉनने १२२०च्या सुमारास लिहिलंय त्याप्रमाणे, कपटी लोकीची मुलगी हेल हिला देवांचा प्रमुख ओडिन याने निफ्लहेममध्ये टाकलं. तिथे धुकं, अंधार आणि गारठा. आजाराने किंवा म्हातारपणाने मेलेले तिच्याकडे येतात. तिच्या थाळीचं नाव भूक, सुरीचं उपासमार. म्हणून चित्रात थाळी रिकामीच हवी. हेल स्वतः अर्धी निळसर काळी, अर्धी माणसाच्या कातडीच्या रंगाची. उभी अर्धी की आडवी, हे स्नोरी सांगत नाही, तिथे चित्रकाराला मोकळीक दिली.

खरं काम हेर्मोडच्या प्रवासात निघालं. घोड्याला चारच पाय होते. तो ओडिनचा स्लेप्निर, त्याला आठ लागतात. मेलेल्या बाल्डरला, ओडिनच्या मुलाला, हेलकडून सोडवायला हेर्मोड त्याच्यावर बसून नऊ रात्री काळोख्या दऱ्यांतून जातो, मग ग्योल नदीवरचा सोन्याने मढवलेला पूल लागतो. पुलाची राखणदार मोदगुद त्याला हटकते: काल मेलेल्यांच्या पाच तुकड्या गेल्या, पण तुझ्या एकट्याखालीही पूल तितकाच दणाणतोय, आणि तुझा रंगही मेलेल्याचा नाही. म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर राखाडी छटा नको. हेलच्या दारात रखवालदार फाटक उघडतोय, हेही चूक. हेर्मोड खाली उतरून खोगिराचा तंग आवळतो, पुन्हा स्वार होतो आणि घोडा फाटकावरून उडवतो. चित्रात तंग आवळतानाचा क्षण घ्या, असं मी सुचवलं. उडी काय, सगळेच काढतात.

मजकुरात एक वाक्य होतं: 'लढाईत पडलेले वाल्हालात, बाकीचे हेलकडे.' वाल्हाला म्हणजे ओडिनचं वीरांसाठीचं दालन. पण फार सोपं झालं हे. 'ग्रिम्निस्माल' या काव्यात पडलेल्या वीरांपैकी निम्मे फ्रेया देवी नेते. आणि बाल्डर? तो ना आजारी, ना म्हातारा. मिसलटो या झुडपाच्या माराने गेला, तरी हेलच्याच दालनात बसलाय. स्नोरीचा नियम त्याच्याच कथेत टिकत नाही, म्हणून वाक्यात 'बहुतेक' घातलं.

पुस्तकात एक चौकटही होती: वाल्हालाला ५४० दारं, प्रत्येकातून ८०० वीर, म्हणजे ४,३२,०००. आणि लगेच कलियुगाची तितकीच वर्षं! लेखकाची ही चौकट मोहात पाडणारी होती. पण जुन्या नॉर्समध्ये 'शंभर' बरेचदा १२० असायचे. तसं मोजलं तर दारं ६४०, वीर ९६० आणि गुणाकार ६,१४,४००. चौकट काढली, त्या जागेत पूल मोठा केला.