एक इंचाला चाळीस फूट आणि एकास पाचशे

कागदावरच्या एक इंचाला जमिनीवरचे चाळीस फूट, हे जुन्या नकाशाचं स्केल म्हणजे १:४८०. हा आकडा १:५०० च्या इतका जवळचा आहे की नुसता नकाशा बघून फरक कळत नाही. म्हणूनच सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका जुन्या सोसायटीचं ड्रेनेजचं काम आमच्या ऑफिसात आलं, तेव्हा मी सगळ्यात जास्त वेळ स्केलवर घालवला.

सोसायटीनं दिलेला मूळ लेआउट म्हणजे घड्यांवर विरलेली एक ब्लू प्रिंट. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८ पासून यायला लागली, १९६२ मध्ये सक्तीची झाली. हा नकाशा त्याआधीचा, त्यामुळे सगळं फूट-इंचात. आमचा टोटल स्टेशनचा (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) नवा सर्व्हे मात्र मीटरमध्ये. दोन्ही एकमेकांवर बसवून ए-वन मापाच्या मोठ्या शीटवर १:५०० ला द्यायचे होते.

लेआउटची एक बाजू कागदावर पाच इंच भरते. म्हणजे २०० फूट, ६०.९६ मीटर. तीच रेघ १:५०० च्या पट्टीवर वाचली तर ६३.५० मीटर येते. अडीच मीटरचा फरक! एवढ्यात ड्रेनेजची लाइन रस्त्यातून उचलून कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये जाऊन बसते.

म्हणून जुना नकाशा मी आधी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतंत्र फाइल करून फुटांतच काढला. एक युनिट म्हणजे एक फूट. स्कॅन आत घेतला, स्केल कमांडमधला रेफरन्स (माहीत असलेल्या लांबीवरून लहान-मोठं करायची सोय) वापरून लिहिलेल्या मापाला आणला, आणि मग आडवं-उभं दोन्हीकडे तपासलं. जुना कागद दोन्ही दिशांना सारखा आटत नाही, हे इथे दिसलंच. त्यामुळे स्कॅनवर नुसती रेघ गिरवली नाही, प्लॉटवर लिहिलेली मापं घालूनच रेघा काढल्या.

आता स्केल. इथे नवीन मुलं हमखास अडकतात, म्हणून सविस्तर लिहिते. मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे रेघा काढतो तिथे, सगळं खऱ्या मापात, एकास एक काढायचं. स्केल लागतं ते व्ह्यूपोर्टला, म्हणजे ऑटोकॅडमधल्या ‘लेआउट’ या छपाईच्या पानावर मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीला. ऑटोकॅडच्या स्केलच्या यादीत दोन चौकटी भरायच्या असतात, पेपर युनिट आणि ड्रॉइंग युनिट. माझा कागद मिलिमीटरमध्ये आणि ड्रॉइंग फुटांत, म्हणून २५.४ ला ४० भरलं आणि नाव दिलं ‘१ इंच = ४० फूट’. कागदही इंचात असता तर १ ला ४० पुरलं असतं. ड्रॉइंग इंचात असतं तर १ ला ४८०. आकडे तीन, स्केल एकच.

त्याची प्रिंट काढून मूळ ब्लू प्रिंटखाली ठेवली आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर धरल्या. पाठीमागून ऊन येत होतं. कोपऱ्यातले प्लॉट नेमके बसले, मधल्या रस्त्याच्या रेघा एका बाजूला केसभर सरकल्या होत्या. तो आटलेल्या कागदाचा फरक.

मग युनिट्समध्ये या फाइलला फूट आणि सर्व्हेच्या फाइलला मीटर सांगितलं, आणि नकाशा ब्लॉक (एकसंध तुकडा) म्हणून आत घेतला. ०.३०४८ चा गुणाकार सॉफ्टवेअर स्वतःच करतं. पाच इंचांच्या त्या बाजूवर क्लिक केलं, ६०.९६ आलं.

मीटरच्या ड्रॉइंगमध्ये यादीतलं तयार १:१०० कामाचं नाही. ते लावलं की कागदावरच्या एका मिलिमीटरात शंभर मीटर मावतात आणि अख्खी सोसायटी ठिपक्याएवढी होते. १:५०० साठी पेपर युनिट १, ड्रॉइंग युनिट ०.५. झूम कमांडमध्ये २ एक्सपी (ड्रॉइंगच्या एका युनिटला कागदाची दोन) दिलं तरी तेच. व्ह्यूपोर्ट लगेच लॉक केला, नाहीतर माउसचं चाक फिरलं की स्केल गेलंच. अक्षरं एनोटेटिव्ह, म्हणजे स्केल कुठलंही असो, कागदावर अडीच मिलिमीटरचीच.

छपाई त्या लेआउटच्या पानावरून एकास एक. तरीही शीटवर पन्नास मीटरची बार स्केल काढली, कागदावर ती बरोबर १०० मिलिमीटर भरायला हवी. झेरॉक्सवाल्याकडून आलेली पहिली प्रिंट ९७ भरली. त्यांच्या मशीनवर ‘फिट टू पेज’ चालू होतं. बार स्केल नसती तर ते शीट तसंच साइटवर गेलं असतं.

एल-सेक्शनला, म्हणजे लाइनच्या लांबीचा उभा छेद दाखवणाऱ्या ड्रॉइंगला, मात्र एक स्केल पुरत नाही. सांगली सपाट. आमच्या लाइनचा उतार दोनशेला एक, म्हणजे शंभर मीटरला अर्धा मीटर. १:५०० ला हा अर्धा मीटर कागदावर फक्त एक मिलिमीटर होतो, आणि त्यावरून मिस्त्रीला उतार काय दिसणार? म्हणून आडवं १:५०० ठेवून उभं १:५० घेतलं. त्यासाठी मॉडेलमध्ये लेव्हल दहापटीनं वर काढायच्या, तोच उतार कागदावर एक सेंटिमीटर दिसतो. उभ्या डायमेन्शनला (छापल्या जाणाऱ्या मापाला) लिनियर स्केल, म्हणजे त्या मापाला गुणणारा आकडा, ०.१ दिलं, म्हणजे चेंबरची दीड मीटर खोली पंधरा मीटर छापली जात नाही.

दोन्ही मापांचे टेम्प्लेट आता ऑफिसात सेव्ह आहेत. फाइलच्या नावातच ‘फूट’ आणि ‘मीटर’ लिहिलंय.