एमजीबीची घरघर: पाच महिने उभ्या असलेल्या गाडीचं निदान

गाडी १९६९ची एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश एमजी कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं इंजिन, वायर व्हील्स, मागे ट्यूब ॲक्सल. गेल्या वर्षात ती जेमतेम दोनशे किलोमीटर फिरली आणि शेवटचे पाच महिने तर कव्हरखाली एकाच जागी होती. बाहेर काढली त्या दिवशी इंजिन दुसऱ्या स्टार्टला धरलं, ऑइलचा काटा लगेच वर गेला. शंभरेक मीटर गेलो असेन, तोच खालून आवाज सुरू झाला. रिकामं जातं ओढावं तसा, दगडावर दगड. लगेच परत फिरलो.

पहिला शनिवार

आधी पाना हातात घ्यायचा नाही, असं ठरवलं होतं. नुसतं ऐकायचं. मोकळा सपाट रस्ता, ताशी वीस-तीस किलोमीटर, कापडी हूड खाली.

पहिल्या दहा मिनिटांत कळलं की आवाज एक नाही, दोन आहेत. एक पातळ, वरच्या पट्टीतला ‘खर्र खर्र’. हलका ब्रेक लावला की तो वाढायचा. उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, तो पॅडखाली खरवडला जाताना असाच वाजतो. आठ-दहा वेळा अलगद ब्रेक लावल्यावर तो विरला. दुसरा मात्र जाड, खोल, पोटातून आल्यासारखा. त्याला ब्रेकशी काही देणंघेणं नव्हतं. गंजाचा आवाज संपेपर्यंत थांबलो नसतो तर नक्कीच कॅलिपर उघडून बसलो असतो.

मग इंजिन आणि गिअरबॉक्सची पाळी. उभ्या गाडीत इंजिन आयडलवर ठेवून क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. या गाडीत क्लचचं रिलीज बेअरिंग म्हणजे कार्बनची कडी असते. ती झिजून धातू धातूला लागला तर क्लच दाबताच ओरड होते. काहीच झालं नाही. न्यूट्रलला क्लच वर असतानाही गिअरबॉक्स शांत. चालत्या गाडीत न्यूट्रल करून इंजिनाचा वेग कमीजास्त केला, तरी घरघर तशीच, फक्त गाडीच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी. म्हणजे जे फिरतंय ते चाकांबरोबर फिरतंय: प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा), डिफरन्शियल (ॲक्सलमधली गिअरपेटी), हाफशाफ्ट (तिथून चाकांपर्यंतचे दांडे) किंवा चाकाची बेअरिंग्ज.

पुढचा शनिवार वाया गेला, पण तोही लिहितो. बसल्या जागी मला आवाज मागून येतोय असं ठाम वाटत होतं. त्या खात्रीवर मागचे दोन्ही ड्रम उघडले. आत गंजाची भुकटी होती, ती साफ केली. शूज ठीक, सिलिंडर कोरडे, हाफशाफ्टला ढिल नाही. सगळं परत बसवलं आणि आवाज जसाच्या तसा.

तिसरा शनिवार

मुलीला म्हटलं, मी पायी चालायच्या वेगाने गाडी नेतो, तू बाजूने चालत ये. आधी उजवीकडून, मग डावीकडून. डावीकडे आल्यावर ती वीस पावलांत म्हणाली, “बाबा, मागे नाही, इथे पुढे वाजतंय. आणि सारखं नाही वाजत, मध्येच मोठं होतंय.”

तिच्या दोन वाक्यांनी अर्धं काम झालं. एमजीए या आधीच्या मॉडेलपर्यंत वेगळी चॅसी होती. एमजीबीची बॉडी हीच तिची चॅसी, म्हणजे मोनोकॉक. पुढच्या क्रॉसमेंबरला बसलेला कंप फ्लोअर आणि सिलमधून सीटपर्यंत धावत येतो आणि पाठीला वाटतं की मागे काहीतरी आहे. आवाजाची जागा शोधायची असेल तर कान गाडीच्या बाहेर हवा.

‘मध्येच मोठं होतंय’ हे त्याहून महत्त्वाचं. टायरच्या कडेला खडूने रेघ मारली. रेघ खाली आली की मुलीने हात वर करायचा, आणि आवाज फुगला की मी स्टिअरिंगवर टिचकी मारायची. दर फेऱ्याला एकच फुगवटा, नेमका. माझ्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.९ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रॉपशाफ्ट जवळजवळ चार वेळा फिरतो. दोष प्रॉपशाफ्टच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) किंवा त्याच्याबरोबर फिरणाऱ्या पिनियन गिअरमध्ये असता तर फुगवटे त्या हिशेबाने आले असते. ही मोजणी फार हळू वेगातच जमते. ताशी पाच किलोमीटरला चाक सेकंदाला पाऊण फेराही घेत नाही, तेव्हा कान आणि डोळा दोघांना सवड मिळते.

शेवटची खात्री वळणावर. ताशी तीसला सौम्य उजवं वळण घेतलं की भार डाव्या चाकांवर जातो, घरघर वाढली. डावं वळण घेतलं, जवळजवळ थांबली.

मग गाडी स्टँडवर. (नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीजवळ मी बसतसुद्धा नाही आणि कुणाला बसू देत नाही.) वरखाली धरून डावं चाक हलवलं, किंचित ढिल लागली. मुलीला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवलं, ढिल गायब. ब्रेक दाबल्यावरही ढिल राहिली असती तर किंगपिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) बघावी लागली असती. नंतर एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक हळू फिरवलं. स्प्रिंगमधून वाळू दळल्यासारखी बारीक कंपनं बोटांना लागली. उजव्या बाजूला तसंच केलं तर स्प्रिंग मुकी. कानाला न ऐकू येणारं बेअरिंग बोटांना कळतं; ज्यांनी हे कधी करून पाहिलं नाही त्यांनी आजच आपल्या चांगल्या चाकावर करून पाहावं, म्हणजे चांगलं कसं लागतं ते हाताला ठाऊक होईल.

चाक काढताना ते धरणाऱ्या मधल्या नॉक-ऑफ कॅपवरचा बाण बघूनच मऊ हातोडा चालवा, दोन बाजूंचे आटे उलट असतात. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने स्प्रिंगला बांधला, होजवर लटकू दिला नाही. वायर व्हीलच्या हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) नट अडवणाऱ्या स्प्लिट पिनसाठी बाजूला एक भोक असतं. त्यातून पिन काढायला जो वेळ लागला तेवढ्यात बाकी सगळं काम झालं असतं.

हब हातात आला. ग्रीस तपकिरी, घट्ट, त्यातलं तेल सुटून गेलेलं. रॉकेलने धुऊन आतल्या मोठ्या बेअरिंगच्या रेस (रोलर ज्यांवर फिरतात त्या कड्या) उजेडात धरल्या. हबमध्ये बसणाऱ्या बाहेरच्या रेसवर एका बाजूला काळपट आडव्या रेघा, जणू शिडीच्या पायऱ्या. दोन रेघांमधलं अंतर बरोबर दोन रोलरमधल्या अंतराइतकं. बाकीचा घेर चकचकीत. ॲक्सलवरच्या आतल्या रेसवरही तशाच रेघा, फक्त खालच्या भागात. नख फिरवलं की अडकत होतं.

इथे सगळा आवाज उलगडला. पाच महिने गाडीचं वजन त्याच चार-पाच रोलरवर होतं. दाबाखाली ग्रीस बाजूला सरकलं, ओल आत शिरली आणि रोलर जिथे टेकले होते तिथे पोलाद खाल्लं गेलं. आतली रेस स्थिर असते आणि तिचा जखमी भाग कायम भाराखाली राहतो, म्हणून घरघर अखंड. बाहेरची रेस हबबरोबर फिरते, तिचा जखमी भाग फेऱ्यात एकदाच भाराखाली येतो, म्हणून फेऱ्यात एकदा फुगवटा. जखमेवर जखम आली की मुलीला मोठं ऐकू येत होतं.

अशा रेघा ओल नसतानाही पडू शकतात. १९३०च्या दशकात अमेरिकेत आगगाडीने पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्राहकाने हात लावण्याआधीच अशा खुणा सापडल्या होत्या. चाक फिरत नव्हतं आणि डब्याचा थरथराट मात्र अखंड चालू होता. ट्रेलरवरून लांबच्या मेळाव्याला गाड्या नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चौथा शनिवार

जुन्या रेस पितळी पंचाने सगळीकडून थोडं थोडं ठोकून काढल्या, नव्या बसवल्या. एमजीबीच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंगच्या मध्ये एक स्पेसर नळी आणि शिम (पातळ चकत्या) असतात. काहीजण ती नळी काढून नट अंदाजाने आवळतात. मला ते पटत नाही. नळीमुळे नट खरोखर घट्ट बसतो आणि स्टब ॲक्सलला मजबुती मिळते. शिमचा खेळ कंटाळवाणा आहे, पण एकदाच करायचा असतो.

मॅन्युअलचा आकडा आहे ०.००२ ते ०.००४ इंच एंड फ्लोट (हबची आत-बाहेर ढिल), नट ४० ते ७० पाउंड-फूट. मी मुद्दाम जास्त शिम घालून सुरुवात केली, नट ४०ला आवळला, डिस्कवर डायल गेज लावून हब आत-बाहेर ओढला: ०.०१०. एक ०.०१०ची शिम काढून ०.००३ची घातली. पुन्हा आवळून मोजलं: ०.००३. स्प्लिट पिनचं भोक जुळेपर्यंत नट थोडा पुढे नेला, मागे नाही. ग्रीस रोलरमध्ये ठासून भरलं, टोपी मात्र रिकामी ठेवली. सील नवं.

उजवी बाजूही उघडली. रेस स्वच्छ होत्या, नखाला काही लागलं नाही. ग्रीस तेवढं बदललं.

संध्याकाळी चाळीस किलोमीटर चालवून आणली. उजवं वळण, डावं वळण, पायी चालायचा वेग, ताशी ऐंशी. घरघर गेली आहे. परत आल्यावर चारही हबना हात लावला, सगळे सारखेच कोमट. स्प्रिंगवर हात ठेवून डावं चाक पुन्हा फिरवलं तर उजव्यासारखंच मुकं. ताशी सत्तरच्या पुढे पाय सोडला की मागच्या ॲक्सलमधून एक बारीक शीळ येते, ती आता पहिल्यांदा ऐकू आली. इतके दिवस ती या आवाजाखाली दडली होती. तिच्याकडे पुढच्या महिन्यात बघेन. आधी ॲक्सलचं तेल काढून त्यात काय सापडतं ते पाहायचं आहे.

टायरवरची खडूची रेघ मी पुसलेली नाही. दर पंधरा दिवसांनी गाडी निदान दोन किलोमीटर चालवायची आणि उभी करताना रेघ मागच्या वेळेपेक्षा पाव फेरा पुढे ठेवायची. रेघ कुठे होती ते मुलगी कॅलेंडरवर लिहून ठेवते.