केटलबेल शिकायला गेले आणि आधी वाकायला शिकले (माझा अनुभव)

मी 43 वर्षांची, राहायला डोंबिवलीत, ऑफिस फोर्टला, म्हणजे रोज जाऊन येऊन तीन तास प्रवास आणि मधे आठ तास खुर्ची. संध्याकाळी जिमला जायचं अंगात त्राण उरत नाही, सकाळी डबे असतात, म्हणून घरच्या घरी काही करता येतंय का बघत होते तर एका मैत्रिणीकडे केटलबेल बघितली, म्हणजे वर धरायला दांडी असलेला वजनाचा गोळा. एकच वस्तू, कपाटाखाली मावते, दहा मिनिटांत घाम निघतो, एवढं ऐकलं आणि त्याच रात्री ऑनलाइन मागवून टाकली.

पहिली चूक तिथेच झाली. 4 किलोची मागवली, वरून प्लास्टिकचं आवरण असलेली. एवढी हलकी असली की ती हातानेच वर जाते, त्यामुळे खांदे दुखायला लागले आणि मांड्यांना काही पत्ताच नाही. मग आठवड्याभरात 12 ची आणली आणि व्हिडिओ बघून डायरेक्ट स्विंग सुरू केले, म्हणजे ती पायांच्या मधून मागे नेऊन छातीपर्यंत झुलवायची. तिसऱ्या दिवशी वीस-बावीस स्विंग झाले, आता थांबू म्हणून ती खाली ठेवायला गेले आणि कमरेत अशी उसण भरली की दिवाणापर्यंत पोचता येईना. सहा दिवस ऑफिस बुडलं.

फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले तर त्यांनी जमिनीवर पेन ठेवला आणि म्हणाल्या उचला. मी उचलला. म्हणाल्या, "तुम्ही पाठीतून वाकताय, खुब्यातून वाकतच नाही आहात, आणि खुर्चीवर बसून बसून बहुतेकांचं हेच होतं." पाठ सरळ ठेवून ढुंगण मागे न्यायचं, गुडघे थोडेच वाकवायचे, त्याला जिमवाले हिप हिंज म्हणतात. केटलबेलचा अख्खा खेळ ह्या एका हालचालीवर उभा आहे आणि मी नेमकी तीच सोडून पुढे गेले होते.

मग पूर्ण एक महिना मी केटलबेल हलवलीच नाही. कपडे वाळत घालायची काठी असते ना ती पाठीवर उभी धरायची, डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे, आणि वाकताना तिन्हीपैकी एकही सुटता कामा नये. माझी खालची दर वेळी सुटायची. मग भिंतीकडे पाठ करून एक फुटावर उभं राहायचं आणि ढुंगणाने भिंत शिवायची, ते जमलं की अजून दोन बोटं पुढे सरकायचं. मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या व्हायला लागल्या की समजायचं बरोबर चाललंय. हे दिसायला काहीच नाही, घरच्यांना वाटलं अजून सुरुवातच केली नाही, पण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा महिना तोच. भांडी घासताना, दळणाचा डबा उचलताना, लोकलमध्ये सीटखालून बॅग काढताना मी तसंच वाकायला लागले आणि कंबर दुखायची कमी झाली, व्यायाम सुरू व्हायच्या आधीच.

दुसऱ्या महिन्यात डेडलिफ्ट, म्हणजे दोन पायांच्या मधे ठेवलेली केटलबेल नुसती उचलायची आणि ठेवायची. ठेवतानाही तेवढीच काळजी घ्यायची, माझी पाठ ठेवतानाच गेली होती. अनवाणी करते, कारण मऊ सोलचे बूट घातले की पाय डुगडुगतात.

ह्याच दरम्यान माझे वडील, अण्णा, लातूरहून आले. त्यांचं आडत दुकान होतं. कोपऱ्यात केटलबेल बघून म्हणाले, "माय, हे तर वजन हाय की आपल्या काट्याचं!" आणि खरंच तसंच आहे ते. रशियात ह्याला गिर्या म्हणतात आणि ती मूळची धान्य तोलायची वजनं, पूद नावाच्या मापात, एक पूद म्हणजे 16 किलोच्या थोडं वर. म्हणून आजही केटलबेल 16, 24, 32 अशा जास्त दिसतात, एक, दीड, दोन पूद. बाजारातले लोक ताकद दाखवायला ती उचलायला लागले, पुढे त्याचा खेळ झाला, आता त्यात दहा मिनिटं केटलबेल खाली न ठेवता किती वेळा वर नेली ते मोजतात.

अण्णांनी मग आमच्या दुकानातल्या मापाडी मामांची आठवण काढली. मलाही ते आठवतात. दांडीचं 20 किलोचं वजन ते पायांच्या मधून थोडं मागे न्यायचे आणि झटक्यात पुढे आणून पारड्यात ठेवायचे, दिवसभर, साठीच्या वयात. हात नुसता दोरीसारखा, जोर सगळा कमरेखालून यायचा. मी लहानपणी दुकानात गोण्यांवर बसून शेकडो वेळा बघितलेली ती हालचाल, आणि तोच स्विंग आहे हे मला अण्णा बोलल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी व्हिडिओपेक्षा मामांना डोळ्यासमोर आणून करते.

स्विंगचं मला समजलं ते असं. केटलबेल पायांच्या हातभर पुढे ठेवायची, वाकून धरायची आणि पायांच्या मधून मागे फेकायची, अगदी वर, मांड्यांच्या सांध्याला हात लागेल इतकी, गुडघ्यापाशी लोंबली की कंबरेवर ताण आलाच म्हणून समजा. मग ताडकन उभं राहायचं, ढुंगण आवळायचं, जोरात श्वास सोडायचा. केटलबेल छातीपर्यंत आपोआप येते, हाताने ओढायची नाही. खाली येताना लगेच वाकायचं नाही, हात पोटाला लागायला आला की मग वाकायचं. हे शेवटचं जमायला मला तीन आठवडे लागले.

हातांचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी मूठ घट्ट आवळून धरायची, बोटांच्या मुळाशी घट्टे आले आणि एक सोलून निघाला, चार दिवस कणीक मळता आली नाही. दांडी तळव्यात खोल धरायची नाही, बोटांच्या आकड्यात अडकवायची. आणि आंघोळीनंतर वजरीने घट्टे घासून सपाट ठेवायचे, उंच राहिले की तेच चिमटीत सापडून फाटतात. विकत घेताना दांडीच्या आतून बोट फिरवून बघा, ओतकामाची धार राहिलेली असेल तर ती सोलणारच, म्हणून मी तिसरी दुकानात जाऊन घेतली.

आता रूटीन आठवड्यात तीन दिवस. दर मिनिटाला 10 स्विंग, उरलेला वेळ श्वास, अशी दहा मिनिटं म्हणजे 100 स्विंग. सुरुवातीला पाच मिनिटंच जमायची, 12 किलोने पूर्ण दहा व्हायला साडेचार महिने लागले. त्याआधी पाच-पाच गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे केटलबेल छातीशी धरून बैठका. खालच्या मजल्यावर आजी आहेत म्हणून जाड मॅट टाकते आणि साडेसातच्या आधी करत नाही. आणि मोजत असले तरी पाठ गोल होतेय वाटलं की सातव्याला सुद्धा थांबते.

टर्किश गेटअप म्हणजे आडवं झोपून वजन डोक्यावर धरून उभं राहायचं, ते अजून वजनाऐवजी मुठीवर चप्पल ठेवून करतेय. चप्पल पडली की परत पहिल्यापासून. डावीकडून जमतं, उजवीकडून कोपरावरून हातावर येताना पडते.

ती तिसरी म्हणजे 16 ची, एक पूद. उचलून बघितली, जड आहे. महिनाभर तरी तिने फक्त डेडलिफ्ट करणार, काठी अजून दाराच्या मागेच ठेवलीय.