करिजिनीच्या घळीत: वर ऊन, खाली हुडहुडी

करिजिनी नॅशनल पार्क पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागात, पर्थपासून रस्त्याने साधारण 1,400 किलोमीटर उत्तरेला आहे. आम्ही पॅराबर्डूपर्यंत विमानाने गेलो आणि तिथून भाड्याच्या गाडीने टॉम प्राइस या खाणगावात. पेट्रोल आणि वाणसामान तिथेच भरून घ्या, पुढे फार काही मिळत नाही. भाड्याची गाडी घेताना कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का, ते लेखी विचारून ठेवा. अंधार पडल्यावर गाडी हाकू नका. कांगारू आणि मोकाट गुरं थेट रस्त्यावर येतात.

या मुलखात घळी लांबून दिसतच नाहीत. लाल माती, स्पिनिफेक्स गवताचे टोचरे पुंजके, पांढऱ्या खोडांचे युकॅलिप्टस, आणि मग पायाखालची जमीनच संपते. ऑक्सर लुकआऊटवरून वियानो, हॅनकॉक, जॉफ्री आणि रेड या चार घळी एकमेकींना मिळताना दिसतात. खाली उतरण्याआधी हे वरून पाहून घ्या, कारण आत शिरल्यावर दिशांचा काही पत्ता लागत नाही.

आमचं मुख्य आकर्षण हॅनकॉक घळ. इथल्या वाटांना 1 ते 5 अशी श्रेणी दिलेली असते आणि ही वाट 5 मध्ये, म्हणजे सर्वांत अवघड श्रेणीत मोडते. अंतर ऐकून हसू येईल इतकं कमी आहे, पण वेळ अर्धा दिवस धरा. सुरुवातीला पायऱ्या, मग लोखंडी शिडी, मग घळीचा तळ. पुढे एक टप्पा असा येतो की एकतर पाण्यातून जायचं, नाहीतर भिंतीला चिकटून कडेच्या अरुंद पायरीवरून सरकायचं. आम्ही पाण्यातून गेलो, आणि बाहेर रणरणतं ऊन असताना दात वाजायला लागले! तळाशी ऊन जेमतेम पोचतं, त्यामुळे हिवाळ्यात पाणी विलक्षण गार असतं. करिजिनीला जाणारा माणूस उन्हाची तयारी करून जातो आणि थंडीने बेजार होतो. ओल्या अंगाने सावलीत तास-दीड तास काढला की हातपाय जड होतात, आणि नेमकं तेव्हाच पकड लागते. पातळ वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा पोशाख) असेल तर न्या. नसेल तर निदान ड्रायबॅगमध्ये कोरडा टी-शर्ट आणि काहीतरी गोड खाऊ ठेवाच.

मग येतो स्पायडर वॉक. दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की एक हात-पाय इकडे, दुसरा तिकडे टेकून खालच्या वाहत्या पाण्यावरून पुढे जायचं. सांधण दरी उतरलेल्यांना अरुंदपणाचं नवल वाटणार नाही, पण कातळ मात्र वेगळा. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला हा पट्टेदार लोहखडक कोरडा असताना झकास पकड देतो. त्याच्या थरांच्या आपोआप पायऱ्या झाल्या आहेत. ओला झाला की तोच काचेसारखा. ओले होणारे पण घट्ट बसणारे, चांगल्या तळव्याचे बूट घाला. चपला आणि सॅंडल गाडीत राहू द्या.

शेवटी कर्मिट्स पूल हे हिरवट पाण्याचं डबकं, चहूबाजूंनी गुळगुळीत खडक. त्याच्या पुढे परवानाधारक गाइडशिवाय जायला मनाई आहे, आणि ती पाळा. पुढच्या रीगन्स पूलचं नाव ज्याच्यावरून पडलं, तो बचाव पथकाचा स्वयंसेवक 2004 मध्ये याच घळीत एका जखमीची सुटका करताना अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेला. आपल्या डोक्यावर निळं आकाश असलं तरी पाऊस कुठेतरी वरच्या अंगाला पडलेला असतो. पावसाचा अंदाज असेल तर सरळ बेत बदला. निघण्याआधी पार्कच्या सूचना पाहा, वाटा अधूनमधून बंद असतात.

वियानो घळ त्यामानाने सोपी, फक्त हँडरेल पूलकडे उतरताना शेवटी लोखंडी कठड्याला धरून जपून जावं लागतं. लहान मुलं किंवा गुडघ्याची तक्रार असलेली मंडळी सोबत असतील तर डेल्स घळीत फोर्टेस्क्यू फॉल्स आणि फर्न पूल करा. फर्न पूल इथल्या मूळ रहिवाशांसाठी पवित्र जागा आहे: हळू बोला, उड्या मारू नका.

मे ते सप्टेंबर, म्हणजे तिथला थंडीचा मोसम, हा योग्य काळ. तिथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर-फेब्रुवारी) पारा सहज चाळिशीपार जातो. जुलैच्या शाळांच्या सुट्टीत जाणार असाल तर कॅम्पची जागा खूप आधी राखून ठेवा. रात्री मात्र शून्याच्या आसपास गारठा पडू शकतो, स्लीपिंग बॅग जाड घ्या. माणशी तीन-चार लिटर पाणी, माश्यांसाठी डोक्यावर जाळी. मोबाइलची रेंज धरूच नका, म्हणून कोणत्या घळीत उतरतोय आणि कधी परतणार हे कुणालातरी सांगून जा.

एक शेवटचं. पार्कच्या उत्तरेला जुन्या नकाशांवर विटेनूम नावाचं गाव दिसेल. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीमुळे तिथली माती आणि हवा धोकादायक झाली असून 2007 मध्ये त्याचा गाव म्हणून दर्जाही काढून घेण्यात आला. फोटोंच्या मोहाने तिकडे गाडी वळवू नका.